लाल कॅन्यनमधली दुपार

आपल्याकडे गड चढायचा असतो. दम लागायचा तो आधी लागतो. वर पोहोचलं की वाऱ्यावर बसून डबा उघडायचा आणि मग गप्पा मारत, घसरत, हसत खाली यायचं. टेक्सासमधल्या ह्या कॅन्यनचं सगळं उलटं आहे. गाडी वर, सपाट माळावर लावायची, ताज्या पायांनी मजेत खाली उतरायचं, आणि पाय दमले, ऊन डोक्यावर आलं, की चढायला लागायचं. इतकी साधी गोष्ट, पण निघायच्या आधी ती आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नाही. म्हणून जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी पहिल्यांदा तीच लिहून ठेवते. पार्कचं नाव मात्र लिहीत नाही. दोष पार्कचा नव्हता.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझा नवरा श्रीकांत आणि आमची मुलगी इरा. मी नागपूरची, श्रीकांत सांगलीजवळच्या एका खेड्यातला, आणि इरा इथलीच, प्लेनोत जन्मलेली. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाची सुट्टी लागून घरी आली होती. श्रीकांतने नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. पुण्यात शिकत असताना तो दर रविवारी सह्याद्रीत असायचा. गेली कित्येक वर्षं तो लॅपटॉपसमोर असतो. वाढदिवसाला त्याने पार्टी नको म्हटलं. "मला एक खराखुरा ट्रेक करायचाय," म्हणाला. "तुम्ही दोघी पाहिजेत."

माळावरून

प्लेनो मागे टाकून वायव्येकडे निघालं की आधी मॉल संपतात, मग घरं, मग झाडंही संपतात. उरतो तो माळ. कापसाची शेतं, पवनचक्क्या, कुठे गुरांचे प्रचंड गोठे आणि त्यांचा काचा बंद असूनही आत येणारा वास. मला मोकळ्या जागेची भीती वाटते हे मला ह्या रस्त्यावर कळलं. विदर्भातही क्षितिज दूर असतं, पण मध्ये एखादं देऊळ, एखादी टाकी, सायकलवरून जाणारा माणूस, काहीतरी असतं. इथे नजरेला अडवायला काहीच नाही. रस्ता सरळ जाऊन आभाळात बुडतो.

"इथे गाडी बंद पडली तर?" मी विचारलं.

"तर फोन करू," श्रीकांत म्हणाला.

"नो बार्स," मागच्या सीटवरून इरा म्हणाली. तिच्या फोनला रेंज नव्हती, आणि हे ती अगदी सहज सांगत होती.

संध्याकाळी कॅन्यनच्या अलीकडच्या छोट्या गावात पोहोचलो. एक मोटेल, एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि एक डायनर. डायनरमधल्या वेट्रेसबाई आम्हा तिघांनाही 'हनी' म्हणत होत्या, श्रीकांतलासुद्धा. तो प्रत्येक वेळी जरासा लाजत होता. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर बाईंनी थोडा विचार केला आणि उकडलेला मका, कुस्करलेला बटाटा आणि भेंडीची भजी आणून ठेवली. हो, भेंडीची, मक्याच्या पिठात घोळून तळलेली. टेक्सासच्या माळावर भेंडी भेटेल असं वाटलं नव्हतं. इराने आपली भजी माझ्या ताटलीत सरकवली, कारण तिला भेंडी कुठल्याही देशातली आवडत नाही.

शेजारच्या टेबलावर हॅटवाले एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, उद्या खाली उतरणार का? श्रीकांत हो म्हणाला. "मग उजाडताच जा, आणि ऊन भिंतींवर यायच्या आत वर या," ते म्हणाले. "खाली भट्टी होते."

"आम्ही भारतातून आलोय," श्रीकांत हसत म्हणाला. "उन्हाचं आम्हाला काही वाटत नाही."

आजोबाही हसले, पण मान हलवत.  खोलीवर आल्यावर मी श्रीकांतला म्हटलं, "उद्या नुसतं काठावरून बघू या का?"

"मंजू, तुला लिफ्टचीसुद्धा भीती वाटते," तो म्हणाला. हे खरं होतं. मी सकाळचा गजर लावला.

खाली

उजाडताच निघायचं ठरलं होतं, तसं निघालो नाही. मोटेलची कॉफी झाली, मग दशम्या डब्यात भरायच्या राहिल्या होत्या, मग पार्कच्या दाराशी रांग. आत शिरल्यावर माळावर प्रेअरी डॉग दिसले. हे कुत्रे नव्हेतच, खारीसारखे गुबगुबीत प्राणी. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभे राहून ते एकमेकांना हाका मारतात. श्रीकांतने त्यांचे मनसोक्त फोटो काढले. तोवर ऊन चांगलं वर आलं होतं.

वाट जिथून उतरते तिथे पाटी होती. ह्या पार्कात बायसन मोकळे फिरतात, अंतर ठेवा. इराने हात लांब करून अंगठा वर केला. "आई, लुक. अंगठ्याने अख्खा बायसन झाकला गेला पाहिजे. नाही झाकला तर यू आर टू क्लोज."

आणि मग माळ एकाएकी फाटला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. सपाट गवत चालत चालत काठापर्यंत येतं आणि पुढे जमीनच नाही. खाली तांबड्या मातीच्या भिंती, त्यांत पांढऱ्या जिप्समचे पट्टे, तळाशी कोरडी नदी आणि ठिपक्यांसारखी जुनिपरची झाडं. देखणं होतं, नाही म्हणत नाही. पण माझी पहिली भावना अशी होती की हे आपल्यासाठी नाही.

उतरताना वाट मुरमाड होती. प्रत्येक पाऊल थोडं निसटायचं. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी भिंतीला हात लावत उतरत होते. इरा पुढे, श्रीकांत मागे. तो खुशीत होता. तळाशी काटेरी झुडपं बघून तो ओरडलाच, "अगं, ही तर आपली वेडी बाभूळ!" ते मेस्किट होतं, वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. पानं तशीच, शेंगा तशाच. तेवढ्या ओळखीने मला जरा धीर आला.

नदीच्या कोरड्या पात्रातून बरंच आत गेल्यावर एका कपारीत पाणी झिरपत होतं आणि चक्क नेचे उगवले होते. तिथे सावलीत बसून आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि श्रीकांतच्या बहिणीने सांगलीहून पाठवलेला भडंग खाल्ला. वारा नव्हता. कुठे पक्षी नाही, माणूस नाही. श्रीकांत डोळे मिटून दगडाला टेकला आणि म्हणाला, "बस्. आता मला आणखी काही नको." ते ऐकायला छान वाटायला हवं होतं. मला ते आवडलं नाही.

परत फिरलो तेव्हा ऊन भिंतींवर आलं होतं. आजोबांनी सांगितलेली भट्टी म्हणजे काय ते कळलं. नागपूरचं ऊन वरून येतं, आपण डोक्याला रुमाल बांधतो आणि सुटतो. इथे ते चहूकडून येत होतं. लाल भिंती तापून आमच्यावर श्वास सोडत होत्या. इरा आणि मी सारख्या पाणी पीत होतो. श्रीकांत मागे राहू लागला. आधी त्याच्या गप्पा थांबल्या, मग तो माझ्या प्रश्नांना नुसतं हं म्हणू लागला, मग तेही नाही. वळून पाहिलं तर त्याचा चेहरा भिंतीसारखाच लाल झाला होता.

"पाणी पितोयस ना?"

त्याने हात हलवला. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

कळप

एका वळणानंतर इरा थबकली आणि तिने हात आडवा धरून आम्हाला अडवलं. वाटेवर बायसन होते. मोठा कळप नव्हता, पण होते ते बरोबर आमच्या वाटेवर आडवे पसरलेले. माद्या, त्यांची तांबूस पिल्लं आणि थोडा बाजूला एक नर. चित्रात बायसन म्हशीसारखा वाटतो. समोर आला की कळतं, ही म्हैस नव्हे. खांद्यापाशी डोंगर, त्याला लोंबणारं केसाळ डोकं, आणि डोळा इतका बारका की तो आपल्याकडे बघतोय की नाही ते कळत नाही.

इराने अंगठा धरला. नर अंगठ्यात जेमतेम मावत होता. "वी वेट," ती कुजबुजली.

आम्ही थांबलो. सावली नव्हती. कळपाला कसलीच घाई नव्हती. एक पिल्लू दूध प्यायलं, मग पुन्हा प्यायलं. माझ्या मानेमागे कातडी भाजत होती. श्रीकांत वाळूत बसला होता. मग तो उठला, आणि आमच्या मधून, अगदी निवांत, कळपाच्या दिशेने चालू लागला.

"बाबा, स्टॉप!"

तो थांबला नाही. हात पुढे करून तो जिभेने टक् टक् असा आवाज काढत होता. मग म्हणाला, "गंगे, सरक की गं. सरक बाजूला. धार काढायची हाय अजून."

त्याच्या लहानपणी घरी म्हशी होत्या, हे मला माहीत होतं. ही भाषा मात्र मी त्याच्या तोंडून लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. माझ्या अंगावर इतक्या उन्हात काटा आला.

नराने डोकं वर केलं. त्याची शेपटी ताठ उभी राहिली. इरा धावली, तिने बाबाची पाठीवरची बॅग धरून त्याला मागे खेचलं, मी दंड पकडला. त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. त्याने मला झटकलं, जोरात, आणि मग इराकडे बघून अगदी प्रेमाने विचारलं, "तू कुणाची गं पोर?"

इराचा चेहरा मी विसरू शकत नाही. एक क्षणभर ती पाच वर्षांची झाली. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "आई, हीट स्ट्रोक आहे. सावली. नाऊ."

ती सुट्ट्यांत आमच्या भागातल्या स्विमिंग पूलवर लाइफगार्डचं काम करते. तिथे शिकवलेलं तिला सगळं आठवत होतं. अर्धं ओढत, अर्धं ढकलत आम्ही त्याला मागे एका जुनिपरखाली नेलं. तिथे त्याचे गुडघेच गेले. बॅग काढली तेव्हा कळलं, आतली पाण्याची पिशवी जवळजवळ भरलेली होती. पाणी पुरवून प्यायचं, परतीला ठेवायचं, ही त्याची सह्याद्रीतली सवय. इतका वेळ तो आमच्यासाठी पाणी वाचवत होता.

इराने त्याचा शर्ट फाडल्यासारखा उघडला, त्याच्याच बॅगेतला पंचा भिजवून मानेवर, काखेत ठेवला. "सारखा भिजवत राहा. वारा घाल. तोंडात पाणी ओतू नकोस, बाबा विल चोक." मग ती उभी राहिली. "मी वर जाते. काठावर रेंज आहे, सकाळी बघितली होती."

"वाटेवर ते आहेत, इरा."

"वाटेने नाही जात. त्या उतारावरून, वरून वळसा घालून."

तो उतार म्हणजे सुटा मुरूम आणि निवडुंग. "नाही," मी म्हटलं. "कोणीतरी येईल. आपण तिघं एकत्र राहू."

"आई, कोणी येत नाहीये. सकाळपासून कोणी दिसलं का?"

"तुला काही झालं तर मी काय करू?"

"अँड इफ आय स्टे?" ती म्हणाली, आणि बाबाकडे बोट दाखवलं.

आईने अशा वेळी काय ठरवायचं असतं, मला माहीत नाही. मी ठरवलंच नाही. मी फक्त माझी बाटली तिच्या हातात कोंबली आणि म्हटलं, "पी. थेंब ठेवू नकोस, सगळं पी." ती गेली. थोडा वेळ खडी घसरल्याचा आवाज येत राहिला. नंतर तोही थांबला, आणि तो का थांबला हे मला कळायला मार्ग नव्हता.

मी पंचा भिजवत होते, टोपीने वारा घालत होते. श्रीकांत बडबडत होता. गंगीचं रेडकू, कडब्याची गंजी, कोणीतरी तात्या. मला तो अक्का म्हणत होता. मी म्हणत होते, "हो रे, मी आहे, पडून राहा." पंचवीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून मला ओळखत नव्हता.

फांदी मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, इरा परत आली. मान वळवली तर तो नर होता. तो कळपातून निघून आमच्या झाडाच्या दिशेने आला होता. वाटेत उघड्या मातीचा एक खड्डा होता. त्यात तो धप्पकन बसला आणि लोळू लागला. धुळीचा लोट आमच्यापर्यंत आला. मी अंगठा धरला नाही. त्याची गरजच नव्हती. त्याच्या नाकातून निघणारा घरघराट मला ऐकू येत होता.

"गंगे," श्रीकांतने हाक मारली.

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो डोकं हलवू लागला, मी आणखी दाबला. नर उठला, अंग झाडलं, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या तळव्याखाली नवऱ्याचे गरम ओठ हलत होते. हात काढला तर तो ओरडेल. नाही काढला तर त्याचा श्वास अडेल. मी बोटं जराशी फाकवली, नाक मोकळं ठेवलं आणि मनात देवाचं नावसुद्धा आलं नाही, फक्त 'जा, जा, जा' एवढंच.

तो गेला. कशामुळे गेला, ठाऊक नाही. वळला आणि आला तसाच संथ चालत कळपाकडे गेला.

मी हात काढला. श्रीकांत आता ओरडत नव्हता. बडबडतही नव्हता. त्याला उलटी झाली, मी त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. त्यानंतर तो गप्प झाला, आणि ह्या सगळ्या दुपारीत मला सर्वांत जास्त भीती त्या गप्प होण्याची वाटली. मी त्याच्या छातीवर कान ठेवून बसले. ठोके इतके भराभर पडत होते की मोजता येत नव्हते. पिशवीतलं पाणी संपत आलं होतं. मी त्याला मोठ्याने हाका मारू लागले. बायसन ऐकोत नाहीतर न ऐकोत, मला पर्वा राहिली नव्हती. किती वेळ हाका मारत होते कोण जाणे, घसा बसला तरी थांबले नाही.

इंजिनचा आवाज नदीच्या पात्रातून आला. एक उघडी छोटी गाडी, तिच्यात पार्कचे दोन रेंजर, बर्फाच्या पिशव्या, आणि मागे उभी असलेली इरा. तिचा एक गुडघा रक्ताने माखलेला होता आणि ती हाताने झाड दाखवत होती.

गावातला दवाखाना

गावातला दवाखाना म्हणजे एक बैठी इमारत, पण गारवा होता आणि माणसं तयार होती. सलाइन लागलं, बर्फ लागला. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते आणि माझे हात थांबायला तयार नव्हते. ते अजून वारा घालत होते. नर्सबाईंनी ते बघितलं आणि माझ्या हातात रसाचा डबा दिला. असा थंडगार सफरचंदाचा रस मी आयुष्यात प्यायले नाही.

संध्याकाळकडे त्याने डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, नाव काय, कुठे आहात. त्याने नाव सांगितलं. कुठे आहोत हे मात्र त्याला सांगता येईना. मग त्यांनी इराकडे बोट दाखवलं, ही कोण?

इरा जागच्या जागी ताठ झाली.

"माय डॉटर," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "शी इज व्हेरी स्ट्राँग."

इरा खोलीबाहेर गेली. मी मागोमाग गेले. कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला पाठ लावून खाली बसली होती, पट्टी बांधलेला गुडघा पुढे सोडून.

"मी पडले होते, आई," ती म्हणाली. "त्या स्लोपवर. आणि पडल्यावर मी उठले नाही. लगेच नाही उठले."

"लागलं होतं ना."

"नाही. लागलं म्हणून नाही." तिने नाक पुसलं. "मला वाटलं, वर जाऊन मदत घेऊन येईन, अँड बाबा वुड बी गॉन. मग मला ते बघावं लागेल. मी तिथेच बसले असते तर मला कळलंच नसतं. आय जस्ट सॅट देअर."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. तिच्या गुडघ्याची पट्टी नीट बसवली आणि म्हटलं, "मग उठलीस कशी?"

"तू ओरडत होतीस," ती म्हणाली. "बाबाचं नाव. ते वरपर्यंत ऐकू येत होतं. मला वाटलं, आई अजून हाका मारतेय म्हणजे बाबा इज देअर."

मी तिला जवळ घेतलं. मी हाका मारत होते तेव्हा तो आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं. ते मी तिला सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही.

परत काठावर

डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. किडनीवर परिणाम झालाय का ते बघायचं होतं. तपासण्या चांगल्या आल्या आणि त्यांनी सोडलं, सक्त ताकीद देऊन, की आता उन्हाळाभर दुपारी बाहेर पडायचं नाही. श्रीकांतला काहीच आठवत नव्हतं. कपारीतले नेचे आठवत होते, भडंग आठवत होता, आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. "मी झोपलो होतो का?" त्याने विचारलं. "तुम्ही दोघी एवढ्या घाबरलात कशाला?"

निघताना तो म्हणाला, जाता जाता एकदा वरून बघू. पाच मिनिटं. सकाळची वेळ होती, हवा गार होती. मी नको म्हटलं. गाडी इरा चालवत होती, तिने ती पार्काकडे वळवली.

काठाशी लाकडी कठडा आहे. श्रीकांत हळूहळू चालत तिथपर्यंत गेला आणि दोन्ही हात टेकून उभा राहिला. खाली उन्हाचा पहिला पट्टा भिंतीवर चढत होता. तांबडा, गुलाबी, मध्ये पांढरा. नदीच्या पात्रात जुनिपरची झाडं, शेकडो, सगळी सारखी. आमचं झाड कुठलं ते मी शोधत होते. सापडलं नाही.

"काय सुंदर आहे गं," श्रीकांत म्हणाला. "नाही?"

"हो," मी म्हटलं.

इरा त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिने त्याच्या शर्टाचं टोक पाठीमागून मुठीत पकडलं, घट्ट, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. त्याला ते जाणवलं असावं. मोठी झाल्यापासून मुलगी अशी जवळ येत नाही, त्यामुळे तो खूश झाला.

"काय गं पिल्लू?" त्याने मान न वळवता विचारलं.

"काही नाही, बाबा. बघ तू," ती म्हणाली. "मी इथे उभी आहे."